मैदानाकाठची युद्धपूर्व घरे : विक्री नेमकी कशाची?

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कभोवती किंवा दक्षिणेस ओव्हल मैदानाच्या पश्चिम बाजूला दुसऱ्या महायुद्धापूर्वी उभ्या राहिलेल्या इमारतींतील एखादी सदनिका ‘नूतनीकरण केलेली’ म्हणून विक्रीस येते, तेव्हा ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नसतो. कारण त्या किमतीचा मोठा भाग खिडकीबाहेरच्या मोकळ्या जागेचा असतो आणि ती जागा विकणाऱ्याच्या मालकीची नसते. ती सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली असते. १८९६ च्या प्लेगने दाटीच्या वस्त्यांचे भीषण परिणाम दाखवल्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते व बागा आखून नवी वसाहत वसवली. त्याच विस्तारात १९२५ साली माहीम पार्क हे मैदान खुले झाले आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले.

या मैदानाभोवती आणि ओव्हलसमोर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींत, गोलाईच्या गॅलऱ्या आणि आडव्या पट्ट्यांची सजावट असणारी ‘आर्ट डेको’ शैली ठळकपणे दिसते. ओव्हलच्या परिसरातील अशा इमारतींना, समोरच्या गॉथिक वास्तूंसह, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मात्र यांपैकी बहुतेक इमारती विकण्यासाठी नव्हे, तर भाड्याने देण्यासाठी बांधल्या गेल्या. गावदेवीच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखे (१९१५) अपवाद सोडले, तर घरमालक एक आणि बिऱ्हाडे अनेक, हीच तेव्हाची रीत होती. सदनिकेच्या स्वतंत्र मालकीला नीट कायदेशीर चौकट लाभली ती १९६० नंतरच्या कायद्यांनी.

येथेच खरी गुंतागुंत आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बहुतांश जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकल्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि भाडेकरूला घर सोडणे परवडेना. त्यातून ‘पागडी’ वाढली. म्हणजे घराचा ताबा सोडताना नव्या भाडेकरूकडून घेतली जाणारी मोठी रक्कम, जिचा काही हिस्सा, बहुधा एक तृतीयांश, घरमालकाला देण्याची रूढी पडली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला मान्यता दिली असली, तरी त्यातून मिळतो तो भाडेहक्कच, मालकी नव्हे. जाहिरातीत मात्र दोन्हींसाठी ‘विक्री’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि तो बेफिकिरीने वापरला जातो असे म्हणणेही सौम्यच ठरेल.

‘नूतनीकरण’ या शब्दाचीही तपासणी आवश्यक आहे. खानदेशातील धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराची पांढरी माती पावसाळ्यापूर्वी पुन्हा घालावी लागते, ती झिजलेली डोळ्यांना दिसते. सिमेंट काँक्रीटचा बिघाड मात्र आत वाढतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरून त्याचा क्षारगुण कमी करतो, त्यामुळे आतील लोखंडी सळ्यांचे संरक्षण नाहीसे होते, समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज अधिक वेगाने चढतो आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापणारा तो गंज बाहेरच्या थराला तडे पाडून पापुद्रे सुटायला भाग पाडतो. यावरचा उपाय म्हणजे सैल काँक्रीट काढून सळ्या स्वच्छ करणे, गरजेनुसार नव्या जोडणे आणि खांब-तुळयांना पुन्हा भक्कम आवरण देणे. हे काम एका बिऱ्हाडाने करून भागत नाही, संपूर्ण इमारतीने करावे लागते. उलट संगमरवरी फरशी, नवे स्वयंपाकघर आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत एका कंत्राटदाराकडून काही आठवड्यांत होते आणि छताला गेलेल्या तड्यांवर चांगले पांघरूणही घालते. म्हणूनच तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महापालिका कायद्याने सक्तीची केली आहे.

मैदानाचे संरक्षणही आपोआप होत नाही. शिवाजी पार्क शांतता क्षेत्र असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला तो रहिवाशांनी दाद मागितल्यावर. ओव्हलची निगा राखण्यासाठीही रहिवाशांनाच संघटित व्हावे लागले. किमतीत ज्या मोकळेपणाची भर पडते, त्याच्या निगेचा खर्च मात्र पालिका व नागरिक उचलतात, विक्रेता नव्हे. या अन्यायाची चर्चा मालमत्तेच्या बाजारात सहसा होत नाही.

तेव्हा खानदेशातील पिंपळनेर किंवा साक्रीकडून मुंबईत घर पाहायला जाणाऱ्यांनी इसार देण्यापूर्वी मिळकत पत्रिका, भाडेपावती किंवा मालकीचे खत, घरमालकाची लेखी संमती आणि संपूर्ण इमारतीचा संरचनात्मक अहवाल ही चार कागदपत्रे मागावीत; ती दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर खिडकीतून दिसणाऱ्या मैदानाकडे पाहून सौदा करू नये.