ऑनलाइन अध्यापनातील विद्यार्थ्यांचे अवधान आणि नेत्रगतिमापन

वर्गातील विद्यार्थ्याचे लक्ष उडाले आहे हे ओळखण्यास अनुभवी अध्यापकास कोणत्याही यंत्राची गरज भासत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापन पडद्यावर गेले आणि हा आधार तुटला. ही उणीव नेत्रगतिमापनाने, म्हणजेच आय ट्रॅकिंगने, भरून काढता येईल अशी अपेक्षा त्यानंतर बळावली. परंतु डोळे कोठे आहेत यावरून मन कोठे आहे हे सांगता येते काय, हा यातील मूळ प्रश्न होय.

वाचताना दृष्टी ओळीवरून सलग सरकत नाही. ती एका ठिकाणी साधारणतः २०० ते २५० मिलिसेकंद स्थिरावते व पुढे झेप घेते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच, म्हणजे सुमारे दोन अंशांचा, भाग कोणत्याही क्षणी पूर्ण स्पष्ट दिसतो. म्हणूनच या झेपा आवश्यक ठरतात. वाचनाच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या एडमंड ह्यूई यांनी त्या नोंदविण्यासाठी डोळ्यावर प्लॅस्टरची छिद्र असलेली टोपी बसवून तिला अ‍ॅल्युमिनियमचा हलका काटा जोडला होता. त्या मानाने आजचा विद्यार्थी सुदैवीच म्हणावा लागेल. आधुनिक उपकरण डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकते आणि पारपटलावरील त्याचे प्रतिबिंब व बाहुलीचा मध्य यांच्या परस्पर स्थानांवरून दृष्टीचा रोख काढते.

घरोघरच्या संगणकावर मात्र साधा वेबकॅमेरा असतो. त्यास केवळ चेहऱ्याच्या प्रतिमेवरून अनुमान करावे लागते. अंधूक प्रकाश, चष्मा, मानेची हालचाल यांमुळे काही अंशांची चूक सहज होते. पडदा अर्ध्या मीटरवर असेल तर एक अंश म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. भारतात असंख्य विद्यार्थ्यांनी जेमतेम सात सेंटिमीटर रुंदीच्या मोबाइलवर शिक्षण घेतले, तेथे अशा मापनास कितपत अर्थ उरतो?

अचूकतेचा प्रश्न सुटला तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. डोळा ज्या शब्दावर आहे त्याच शब्दावर मन काम करीत असते, असे गृहीतक मार्सेल जस्ट व पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० मध्ये मांडले. त्याच वर्षी मायकेल पोस्नर यांनी नजर न हलविताही अवधान अन्यत्र नेता येते हे प्रयोगांच्या आधारे विशद केले. ऑनलाइन वर्गात दुसऱ्या निष्कर्षाचा प्रत्यय पदोपदी येतो.

या दृष्टीने येन्स मॅडसेन, लुकास पारा व त्यांच्या सहकाऱ्यांचे न्यूयॉर्क येथील संशोधन, जे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, विशेष उद्बोधक आहे. एखादा विद्यार्थी पडद्याकडे पाहतो की नाही, हे त्यांनी विचारलेच नाही. एकच शैक्षणिक चित्रफीत पाहणाऱ्या अनेकांच्या नजरा एकाच वेळी एकाच दिशेने फिरतात काय, हे त्यांनी पाहिले. ज्यांची नजर समूहाशी अधिक जुळली त्यांना नंतरच्या चाचणीत अधिक गुण मिळाले. वेबकॅमेऱ्याच्या साहाय्यानेही हा संबंध आढळला. पुढे विद्यार्थ्यांना चित्रफीत पाहता पाहता मनातल्या मनात सात-सात वजा करीत उलटे मोजण्यास सांगण्यात आले. डोळे पडद्यावरच होते, तथापि नजरांचा मेळ घटला. म्हणजे मन भरकटल्याची खूण नजरेत उमटते खरी. पण ती इतरांच्या तुलनेतच वाचता येते. प्रत्येकाचा नेत्रविषयक तपशील बाहेर न पाठविता ही तुलना करता येईल, हेही संशोधकांनी दाखविले.

असे असताना पडद्याबाहेर गेलेली प्रत्येक नजर दुर्लक्ष म्हणून नोंदविणे अन्यायाचे ठरते. टिपणे काढणारा विद्यार्थी वहीकडेच पाहणार. कठीण प्रश्नाचे उत्तर शोधताना माणूस बहुधा समोरून नजर काढून घेतो. यंत्राच्या लेखी मात्र नेमका तोच विचारमग्न विद्यार्थी दोषी ठरेल. त्याच्या हजेरीशी वा गुणांशी अशी नोंद जोडली गेली, तर शिकण्यापेक्षा डोळे रोखून बसण्याचाच सराव होईल. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात मनाई आहे; परंतु २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट दिली आहे. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयांपुरता तरी संयम संस्थेनेच ठेवावयाचा आहे.

या तंत्राचा अधिक न्याय्य उपयोग पाठाच्याच परीक्षणासाठी होऊ शकतो. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानात अमुक आकृती येताच बहुतेकांच्या नजरा विखुरल्या, तर ती आकृती गजबजलेली होती की स्पष्टीकरण आकृतीच्या आधीच उरकले गेले, हे अध्यापकास चित्रफीत पुन्हा पाहून तपासता येते. त्यासाठी एकाही विद्यार्थ्याचे नाव ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.