वऱ्हाडी कला कशी टिकते?

चित्र भिंतीवर राहतं, मूर्ती गाभाऱ्यात राहते. कीर्तन कुठे ठेवायचं? सादर होताहोताच सरणाऱ्या कलांचं जतन कसं करावं, यावर आता जगभर संशोधन चालतं. अमरावती-अकोल्याकडे अशा जतनाचे हे भन्नाट नमुने!

शेवटचं कीर्तन टेपवर
शेंडगावच्या गाडगेबाबांनी ८ नोव्हेंबर १९५६ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तन केलं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. २० डिसेंबरला बाबा गेले, आवाज राहिला. पण बाबा समोरच्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. टेपवर शब्द येतात. ऐकणाऱ्यांचे उजळलेले चेहरे येत नाहीत.

एक माणूस, सात खंजिऱ्या
तुकडोजी महाराजांच्या भजनाची खूण म्हणजे खंजिरी. अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्याचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात. परंपरा जपायची म्हणजे जशीच्या तशी गिरवायची, असं कुठे आहे?

४ वाजून ५८ मिनिटं
तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला याच वेळी गेले. गुरुकुंज मोझरीत दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात नेमक्या त्या मिनिटाला हजारो माणसं स्तब्ध होतात. ही आठवण लोक थांबून जपतात.

बर्लिनमध्ये अमरावती
१९३६च्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबासारखा देशी खेळ पुस्तकात वाचून येत नाही. वस्तादाच्या नजरेखाली अंग घासावं लागतं.

चक्क रांग विकत घेतली!
जतनाचा हाच प्रश्न परदेशातही आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाने २००५मध्ये रोमान ओंडाक या कलावंताची कलाकृती घेतली. काय होती? माणसांची रांग! संग्रहालयाकडे राहतात त्या सूचना. रांगेला दरवेळी नवी माणसं. टिनो सेहगल हा कलावंत तर फोटो आणि कागद दोन्ही नाकारतो. त्याच्या कलाकृतीचा सौदाही तोंडीच होतो.

अमेरिकी अभ्यासक डायना टेलर यांनी २००३मध्ये मांडलं की ज्ञान दप्तरात राहतं, तसं देहातही राहतं. वऱ्हाडातल्या भजनी मंडळांना दोन्ही हवंय. म्हणून गावातल्या जुन्या भजनकऱ्याचं रेकॉर्डिंग आजच करा, आणि त्याच्या शेजारी खंजिरी देऊन एक पोर बसवा.