यंत्राचा शब्द

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतला कोणताही सरकारी कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी कोणकोणते कागद लागतात, हे विचारायला आल्या. मी मोबाईलमधल्या बोलक्या यंत्राला विचारले. त्याने क्षणात शुद्ध मराठीत यादी दिली. ती मी वहीच्या पानावर उतरवून दिली. काकू मजुरी बुडवून तालुक्याला गेल्या आणि हात हलवीत परत आल्या. हवा असलेला एक कागद यादीत नव्हताच!

मी त्या यादीवर विश्वास का ठेवला? या प्रश्नाचा विचार करताना एक जुनी हकीकत वाचनात आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे संगणकशास्त्रज्ञ होते. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाची संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. ती मानसोपचारतज्ज्ञासारखी बोले. तिची युक्ती साधी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द हेरायचा आणि त्यावरून ठरावीक साच्याचा प्रश्न विचारायचा. कोणी आईचा उल्लेख केला, की ती म्हणे, 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा.' तिला आई म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी तिच्याशी चार वाक्ये बोलल्यावर खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! काही मानसोपचारतज्ज्ञांना तर ही प्रणाली पुढे रुग्णांवर उपचार करील असे वाटू लागले. वायझेनबाउम अस्वस्थ झाले. १९७६ साली त्यांनी ग्रंथ लिहून बजावले, की काही कामे यंत्राला करता आली तरी ती त्याच्यावर सोपवू नयेत.

आजची यंत्रे एलायझाहून कितीतरी सरस आहेत, हे मान्य. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती गणिताने शिकतात. म्हणून त्यांचे वाक्य घोटीव येते. परंतु वाक्य घोटीव असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. अर्थ आपण आपल्या पदरचा घालतो.

यंत्रे लवकरच सर्व कामे करतील, असे आज रोज ऐकू येते. हर्बर्ट सायमन या विद्वानांनीही १९६५ साली म्हटले होते, की वीस वर्षांत यंत्रे माणसाचे कोणतेही काम करू शकतील. १९८५ साल आले आणि गेले. तेव्हा भाकिते ऐकावीत, पण त्यांवर विसंबू नये.

मित्रहो, मी यंत्राची शत्रू नाही. अभ्यासात मीही त्याची मदत घेते. पण चूक दाखवताच त्याने तत्काळ क्षमा मागितली, तीही शुद्ध मराठीत, तेव्हा मला राग आला. बुडालेल्या मजुरीची भरपाई त्या क्षमेने होणार नव्हती. मग राग ओसरला आणि शरम वाटली. काकूंनी यंत्राला कुठे विचारले होते? त्या माझ्याकडे आल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः तालुक्याला गेले, सेतू केंद्रातला फलक वाचला, खिडकीवर विचारून खात्री केली आणि मगच काकूंना यादी दिली. एक दिवस गेला खरा. पण त्या यादीखाली मी माझी सही करू शकले.