जुलमी राज्याच्या कथा आणि सरकारावरील विश्वास

रामराज्याचें वर्णन आपण कीर्तनांतून पुष्कळ ऐकतों. त्याच्या उलट, जेथें सरकारच प्रजेचा वैरी होऊन बसलें आहे अशा कल्पित राज्याच्या कथा हल्लीं वरच्या वर्गांतील मुलें आवडीनें वाचतात. अशा वाचनानें मुलांचें मन सरकाराविषयीं विटेल कीं काय, अशी शंका कित्येक पालक आम्हांजवळ काढतात. तिचा थोडा विचार करूं.

हा कथाप्रकार अगदींच नवा नव्हे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय पाहावा. लोकांनीं राजा मागितला, तेव्हां वृद्ध शमुवेलानें त्यांस पुढचें चित्र दाखविलें : राजा तुमचे पुत्र आपल्या रथांपुढें धांवावयास नेईल, उत्तम शेतें आपल्या चाकरांस देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. इतकें ऐकूनही लोकांनीं राजा मागितलाच!

अर्वाचीन लेखकांत जॉर्ज ऑर्वेल प्रसिद्ध आहे. तो १९०३ सालीं बिहारांतील मोतीहारी येथें जन्मला. १९४५ सालीं निघालेल्या त्याच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ ह्या कथेंत जनावरें धन्यास हांकून देतात व आपले सात नियम भिंतीवर लिहितात. पुढें डुकरें सत्ताधीश होतात, आणि भिंतीवरील नियमांत गुपचूप एखादा शब्द वाढतो. बहुतेकांस नीट वाचतां येत नाहीं. मूळ नियम काय होता हेंही आठवत नाहीं. आमच्या मतें सबंध पुस्तकाचें मर्म ह्या भिंतींत आहे.

रायगडाच्या पायथ्याच्या ह्या पाचाडाहून महाड फार लांब नाहीं. तेथें अशी भिंत खरोखरच होऊन गेली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले असावेत, हा बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं पसार केला. त्यास अनुसरून महाड म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें. पण तें कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. लगेच, हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी हूल उठली व त्यांस मारहाण झाली. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपला ठराव रद्द केला. ऑर्वेलची डुकरें निदान लपून लिहीत. येथें नियम पुसला गेला तो राजरोस.

अमेरिकेंतील कॅल्व्हर्ट जोन्स व सेलिया पॅरिस ह्या विदुषींनीं अशा कथांच्या परिणामाविषयीं तीन प्रयोग केले व ते २०१८ सालीं प्रसिद्ध केले. वाचकांचा सरकारावरील विश्वास त्यांत घटलेला दिसला नाहीं; मात्र अन्यायी सत्तेविरुद्ध हिंसाही क्षम्य आहे असें मानण्याकडे त्यांचा कल वाढला. पालकांनीं लक्ष ठेवावें तें येथें. अशा कथेंतील नायकापुढें बहुधा दोनच वाटा असतात, मुकाट्यानें सोसणें किंवा शस्त्र उचलणें. अर्ज, निवडणूक, कोर्ट ह्यांनीं गोष्ट रंगत नाहीं!

महाडास मार खाल्लेल्यांची संख्या थोडी नव्हती, आणि त्यांचे सोबती चिडलेले होते. डॉ. आंबेडकरांनीं त्यांस आवरलें. डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली, तेव्हां प्रतिपक्षानें कोर्टाचा मनाईहुकूम आणलेला होता. तो मानून त्यांनीं तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला. परक्या सरकाराच्या कोर्टावर इतका विश्वास कां, असें कोणी विचारील. तो आंधळा विश्वास नव्हता. ठराव खरा कीं खोटा हें त्यांनीं आधीं पाण्याशीं जाऊन पाहिलें होतें. आतां कायदा खरा कीं खोटा हें कोर्टांत पाहावयाचें होतें. त्यास दहा वर्षें लागलीं. प्रतिपक्षास अनादि वहिवाट सिद्ध करतां आली नाहीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें त्यांचें अपील फेटाळलें.