पाच दिवे, पंधरा छिद्रे

अमेरिकेतील महामार्गांवर धावणाऱ्या मोठ्या पिकअप गाड्यांच्या टपावर, समोरच्या काचेच्या अगदी वरच्या कडेला, पिवळसर नारिंगी रंगाचे पाच छोटे दिवे एका ओळीत बसवलेले दिसतात. हे दिवे केवळ शोभेचे असावेत असा पाहणाऱ्याचा समज होतो आणि आज अनेक हौशी मालक ते शोभेसाठीच आपल्या हाताने बसवतात हेही खरे. परंतु त्यांची संख्या, त्यांचा रंग आणि त्यांच्यातील अंतर यांमागे एक नियम आहे, आणि त्या नियमामागे रात्रीच्या अंधारात मानवी डोळ्याला काय उमगते व काय उमगत नाही याचा विचार आहे. घरी दिवे बसवू पाहणाऱ्याला मात्र या प्रकाशशास्त्रापेक्षा वेगळ्याच शास्त्राशी गाठ घालावी लागते. वरकरणी विजेचे वाटणारे हे काम मुख्यतः धातूचे आणि पाण्याचे आहे.

अमेरिकेच्या संघराज्यीय मोटार वाहन सुरक्षा मानकांपैकी 108 क्रमांकाचे मानक वाहनांच्या दिव्यांविषयी आहे. रुंद वाहनांना ते 1968 च्या आरंभापासून लागू झाले. आरसे, चिखलरोधक पट्ट्या आणि खुद्द हे दिवे वगळता ज्या वाहनाची एकंदर रुंदी 80 इंच, म्हणजे सुमारे 2.03 मीटर किंवा त्याहून अधिक आहे, त्याला पुढच्या बाजूस पाच जादा दिवे असावेत असे ते सांगते. त्यांपैकी मधले तीन हे ओळख-दिवे असून, समोरून येणारे वाहन मोठे आहे एवढेच सांगण्याचे काम त्यांच्याकडे असते. दोन टोकांचे दोन हे रुंदीदर्शक दिवे असून, वाहनाची कड कोठवर आली आहे हे त्यांच्यावरून कळते. या नियमाची पूर्वपीठिका त्याहून जुनी आहे. 1935 च्या मोटार वाहतूक कायद्याने आंतरराज्य मालवाहतुकीचे नियमन आंतरराज्य व्यापार आयोगाकडे सोपवले, आणि 1995 च्या अखेरीस तो आयोग विसर्जित झाला तरी जुने ट्रकचालक या दिव्यांना आजही त्याच्याच आद्याक्षरांवरून आयसीसी दिवे म्हणतात.

मागे दुहेरी चाके असलेल्या पिकअप गाड्यांची रुंदी मागील चाकांपाशी 96 इंचांच्या घरात जात असल्याने त्यांना या दिव्यांवाचून गत्यंतर नसते. दिवे टपावरच हवेत असा मात्र आग्रह नाही; ओळख-दिवे व्यवहारतः शक्य तितके उंच असावेत एवढीच अपेक्षा आहे. फोर्डच्या रॅप्टर या रुंद पिकअपमध्ये तीन छोटे नारिंगी दिवे टपाऐवजी समोरच्या जाळीत बसवलेले आहेत, तर हमर एच-2 या गाडीने ते पाचही टपावर मिरवले. नेहमीच्या अरुंद पिकअपला कायद्याने यांतले काहीच आवश्यक नाही, आणि हौशी मालकांचा उत्साह नेमका याच गाड्यांवर खर्च होतो.

तीनच दिवे का, आणि त्यांच्यात 6 ते 12 इंचांचेच अंतर का, याचे उत्तर कोनीय विभेदनात सापडते. दोन जवळचे प्रकाशबिंदू वेगवेगळे दिसण्यासाठी त्यांनी डोळ्यापाशी किमान जेवढा कोन करावा लागतो त्याला विभेदन-मर्यादा म्हणतात, आणि निरोगी डोळ्याची ही मर्यादा चांगल्या प्रकाशात सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, असते. टोकांचे दोन दिवे दोन मीटर अंतरावर असतील, तर 500 मीटरांवरून त्यांच्यातील कोन सुमारे 14 कला भरतो, म्हणजे ते सहज वेगळे दिसतात. परंतु मधल्या दिव्यांतील 30 सेंटिमीटर अंतराचा कोन त्याच ठिकाणाहून जेमतेम दोन कला होतो, आणि 15 सेंटिमीटर ठेवले तर एकच कला. त्यामुळे दुरून मधले तिन्ही दिवे एका आडव्या रेघेसारखे भासतात, वाहन जवळ येताच ती रेघ तीन बिंदूंत फुटते, आणि टोकांचे दिवे पसरत जाण्याच्या वेगावरून चालकाला अंतराचा अंदाज बसतो. दिवे उंचावर ठेवण्याचे आणखी एक कारण भूगोलाचे आहे: चढ-उताराच्या रस्त्यावर टेकाडामागून येणाऱ्या ट्रकचा टप हेडलाइटच्या आधी दृष्टीस पडतो.

दिवे जितके तेजस्वी तितके चांगले, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. नारिंगी रुंदीदर्शक दिव्याला थेट समोरून लागणारी किमान दीप्ती मानकाने फक्त 0.62 कँडेला ठरवली आहे, म्हणजे एका साध्या मेणबत्तीहूनही कमी. प्रकाशाचे तेज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते हे लक्षात घेऊनही, काळोख्या आणि निरभ्र रात्री एवढा दिवा दीड किलोमीटरवरून ओळखू येतो, कारण अंधाराला सरावलेला डोळा बिंदुरूप प्रकाशाच्या बाबतीत विलक्षण संवेदनशील असतो. बाजारात मिळणारे अतितेजस्वी संच समोरच्याला दिपवण्यापलीकडे फारसे काही साधत नाहीत. नारिंगी प्रकाश धुके भेदतो, हीदेखील पुसून न जाणारी समजूत आहे. आकाश निळे दिसते ते हवेच्या रेणूंसारखे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून. धुक्याचे थेंब मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीहून अनेक पटींनी मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. नारिंगी रंग निवडण्याचे खरे कारण साधे आहे, ते म्हणजे हे दिवे पांढऱ्या हेडलाइटपासून आणि मागच्या लाल दिव्यांपासून वेगळे ओळखू यावेत. हा संकेत सार्वत्रिक नाही. युरोपातील प्रचलित नियमांनुसार 2.10 मीटरहून रुंद वाहनांच्या वरच्या कडांना पुढे पांढरे आणि मागे लाल दिवे लावतात. म्हणून अमेरिकी संच मागवून तो भारतातील पिकअपवर चढवणाऱ्याने आधी येथील नियम पाहावेत, कारण मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 ने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातलेल्या आहेत.

विजेचा भाग तुलनेने सोपा आहे. या दिव्यांत पूर्वापार वापरला जाणारा 194 क्रमांकाचा छोटा बल्ब सुमारे 0.27 ॲम्पिअर प्रवाह घेतो, म्हणजे पाच बल्बना मिळून 1.35 ॲम्पिअर लागतात. एलईडी घेतल्यास हा आकडा त्याच्या अंशमात्र उरतो. सुमारे 0.8 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या वायरचा रोध दर किलोमीटरला 21 ओहम असल्याने पाच मीटर वायरमध्ये होणारी व्होल्टेजची घट 0.14 व्होल्टच्या आसपास, म्हणजे नगण्य असते. दिवे मंद पेटतात ते बहुधा अर्थिंगच्या जोडामुळे. गाडीचा धातूचा सांगाडा हाच परतीचा मार्ग असल्याने अर्थची वायर जेथे स्क्रूने आवळली जाते तेथे रंग, गंज किंवा ऑक्साइडचा थर राहिला आणि अर्धा ओहम रोध वाढला, तर 0.7 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. आणि तप्त तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या जवळपास बदलत असल्याने एवढ्याशा घटीने उजेड सुमारे एक-षष्ठांशाने उतरतो. फ्यूज वायरच्या सुरुवातीला, वीज जेथून घेतली त्याच्या लगत बसवावा लागतो, कारण फ्यूज राखतो तो दिव्याला नव्हे तर वायरला: टपाच्या पत्र्याच्या धारेवर वायरचे आवरण घासून उघडे पडले, तर बॅटरीचा सारा जोर त्या बारीक तारेतून वाहू लागतो आणि अस्तराखाली आग लागते.

नव्या गाड्यांत आणखी एक गोम आहे. पार्किंगच्या दिव्यांना आता सरळ बॅटरीचा प्रवाह मिळत नाही. एक नियंत्रक संगणक तो सेकंदाला शंभराहून अधिक वेळा चालू-बंद करून देतो, आणि चालू राहण्याचा काळ कमी-अधिक करून तेज ठरवतो. या पद्धतीला स्पंदरुंदी नियंत्रण म्हणतात. बल्बची तापलेली तार एवढ्या अल्प काळात थंड होत नसल्याने तिला हे स्पंद जाणवत नाहीत, परंतु एलईडी तत्काळ विझतो व पेटतो, आणि चालत्या गाडीकडे तिरक्या नजरेने पाहिले असता त्याचे लुकलुकणे ध्यानात येते. वायरमध्ये रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच, घातला तरी तोही या स्पंदांमुळे तडतडत राहतो. म्हणून जोड-उपकरणांसाठी कंपनीनेच दिलेले अपफिटर स्विच असतील, तर वीज त्यांच्यापासून घेणे शहाणपणाचे.

खरा प्रश्न छिद्रांचा आहे. बहुतेक संचांत दर दिव्याला वायर व होल्डरसाठी एक मोठे आणि स्क्रूंसाठी दोन लहान अशी तीन छिद्रे लागतात, म्हणजे आजवर एक थेंबही आत न येऊ देणाऱ्या टपाला पंधरा तोंडे पडतात. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवून तीवर मध्यरेषा आखणे, कागदी साचा ठेवून खुणा करणे, सेंटर पंचने टोकणी मारणे आणि आधी बारीक, मग पायऱ्यांचे ड्रिल वापरून छिद्र हळूहळू वाढवणे, हा क्रम सर्वत्र सारखा असतो. ड्रिल किती खोल जाईल याला अडसर लावणे मात्र अत्यावश्यक ठरते, कारण बाहेरच्या पत्र्याखाली थोड्याच अंतरावर आडवी पट्टी, छतखिडकीची रूळपट्टी किंवा वायरींचा जुडगा असतो. बाजूच्या खांबातून वायर खाली नेताना टपाच्या कडेने गुंडाळून ठेवलेली पडदा-एअरबॅग सांभाळावी लागते. अपघातात ती सेकंदाच्या काही शतांश भागात उलगडते, आणि तिच्यावरून आडवी गेलेली वायर तिला अडवू शकते. म्हणून वायर तिच्या मागून न्यावी आणि कामापूर्वी बॅटरी सोडवून ठेवावी.

छिद्र पाडताना उडालेला लोखंडी कीस रंगावर पडून राहिला, तर एका दमट रात्रीत तो तांबूस ठिपक्यांनी रंगात रुजतो. त्यामुळे कीस फडक्याने पुसण्याऐवजी आधी चुंबकाने उचलणे बरे, कारण फडके रंगावर ओरखडे काढते. छिद्राची कड हा पत्र्याचा सर्वांत दुबळा भाग होय. मोटारीच्या पोलादी पत्र्याला जस्ताचा पातळ लेप असतो, आणि जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः झिजून लोखंड राखते. परंतु कापलेल्या कडेवर पोलाद उघडे पडते आणि जस्ताचे हे संरक्षण फार दूरवर पोचत नाही. तेथे एकदा गंज धरला की त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होऊन तो रंगाच्या थराला आतून उचलतो, आणि दिव्याच्या बैठकीभोवती फुगे दिसू लागतात तोवर आतली झीज बरीच पुढे गेलेली असते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत ही प्रक्रिया विशेष वेगाने घडते, कारण खारे पाणी वीज वाहून नेण्यास अधिक सक्षम असते. कड कानशीने साफ करणे, जस्तयुक्त प्रायमर लावणे आणि तो वाळल्यावर रंगाचा हात फिरवणे या कामांना ड्रिल चालवण्याहून अधिक वेळ लागावा, हेच योग्य.

फोर्डने 2015 च्या एफ-150 आणि 2017 च्या सुपर ड्यूटी गाड्यांपासून बाह्यांग ॲल्युमिनियमचे केले, आणि त्यासरशी प्रश्नाचे स्वरूप पालटले. ॲल्युमिनियम तांबडे गंजत नाही. पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधा पोलादी स्क्रू पिळला आणि तेथे खारट ओल साचली, तर दोन भिन्न धातू व विद्युतवाहक द्रव मिळून एक चिमुकला विद्युतघट तयार होतो, ज्यात ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात झिजत जाते. अशा टपावर धातूंचा थेट स्पर्श टाळणारे प्लॅस्टिकचे वॉशर, लेप दिलेले रिव्हेट-नट आणि सीलंट यांचा आधार घ्यावा लागतो. छिद्रे टाळण्यासाठी चुंबकाने चिकटणारे दिवे घेण्याचा मोह येथे आपोआपच संपतो, कारण ॲल्युमिनियमवर चुंबक बसतच नाही.

सीलंटची निवड हा दुर्लक्षित पण निर्णायक भाग होय. दुकानात सहज मिळणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. सिरक्यासारखा वास येतो तो त्याचाच, आणि हे आम्ल उघड्या धातूला व वायरीच्या जोडांना गंजवते. त्यामुळे आम्ल न सोडणारे, उदासीन प्रकारचे सिलिकॉन किंवा ब्यूटिल रबराची मऊ पट्टी वापरली जाते. गॅस्केट भक्कम आवळली की पाणी येणार नाही, हा विश्वास मात्र अपुरा आहे. उन्हात काळा टप 70 अंश सेल्सियसपर्यंत तापला आणि दिव्याच्या पोकळीतील हवा प्रसरण पावून काही अंशी बाहेर गेली असताना पावसाची सर कोसळली व तापमान 20 अंशांवर आले, तर पूर्णतः बंद पोकळीतील दाब सुमारे 15 टक्क्यांनी उतरतो. हा फरक दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा आहे, आणि गॅस्केटभोवती साचलेले पाणी तो एखाद्या केसाएवढ्या फटीतूनही आत ओढून घेतो. दिव्यांच्या काचेआड धुरकट ओल धरते ती याच कारणाने. म्हणून चांगल्या बनावटीच्या दिव्यांत मागच्या, वाऱ्याआडच्या कडेला एक बारीक श्वसनछिद्र ठेवलेले असते, आणि नवशिका मालक नेमके तेच छिद्र सिलिकॉनने लिंपून टाकतो.

टपाचे आतील अस्तर परत चढवण्यापूर्वी दिवे अर्धा तास पेटते ठेवून, मग नळीने पाणी सोडून पाहणे हितावह ठरते. पाणी प्रथम खालच्या कडेवर आणि नंतर हळूहळू वर न्यावे, म्हणजे गळती नेमकी कोठून होते ते कळते. आत छिद्राभोवती पातळ कागद चिकटवून ठेवल्यास एखादा थेंबही डागाच्या रूपाने उघड होतो. गळणारा दिवा सापडल्यास वरून आणखी सीलंट फासू नये. तो पूर्ण काढून जुना थर खरवडावा, छिद्राची कड पुन्हा तपासावी आणि मगच नवी पट्टी बसवावी. वरून फासलेला थर पाणी अडवण्याऐवजी पुष्कळदा आत शिरलेले पाणीच कोंडून धरतो.