शनिवार तेली आणि ज्यू धर्मातल्या तीन वाटा

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं एक प्रार्थनामंदिर आहे, शार हशामाईम, म्हणजे 'स्वर्गाचं दार'. ते ज्यू लोकांचं आहे. ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात. 'हे लोक कोण, आणि ज्यूंमध्येही पंथ असतात का?' असं गटातल्या बायका आम्हाला विचारतात. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

आपल्याकडचे हे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून वाचले, असं ते मानतात. घरात मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमकर. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस.

एक देव, तोरा हा धर्मग्रंथ आणि शनिवारचं महत्त्व सगळेच ज्यू मानतात. मतभेद आहे तो जुने नियम बदलता येतात का, यावर. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी युरोपात ज्यूंना हळूहळू बरोबरीचे हक्क मिळू लागले. मुलं इतरांच्या शाळेत जाऊ लागली. तेव्हा जर्मनीतल्या काहींनी म्हटलं, प्रार्थना लोकांना समजेल अशा भाषेतही व्हावी, काळाप्रमाणे चालीरीती बदलाव्यात. १८१८ साली हॅम्बुर्गला त्यांनी आपलं मंदिर उभारलं. ही सुधारक वाट. 'नियम देवाचे आहेत, ते बदलणारे आपण कोण?' असं म्हणणारे ते सनातनी, म्हणजे ऑर्थोडॉक्स. तिसरी वाट मधली, कॉन्झर्व्हेटिव्ह. नियम पाळायचे, पण पंडितांनी विचार करून ते सावकाश बदलायचे. ही वाट अमेरिकेत वाढली.

हा फरक बायकांच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतो. सनातनी मंदिरात बायका वेगळ्या बसतात. सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात, ते पुरुषच धरतात. सुधारक मंदिरात सगळे एकत्र बसतात आणि बाईचीही गणती होते. १९३५ साली जर्मनीत रेगिना योनास ही पहिली स्त्री रब्बी, म्हणजे धर्मगुरू झाली. अमेरिकेत सुधारकांची पहिली स्त्री रब्बी १९७२ साली, मधल्या वाटेची १९८५ साली.

आपल्याकडचे बहुतेक बेने इस्राएल जुन्या वाटेनेच चालत आले. पण १९२५ साली मुंबईत सुधारक वाटेची संस्था सुरू झाली, आणि त्यात पुढाकार होता एका बाईचा. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल घरातल्या. लंडनला शिकलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली पद्मश्री मिळाली. लंडनला लिली माँटेग्यू या बाई सुधारक चळवळ चालवत होत्या, तो विचार झिराडबाईंनी मुंबईत आणला.

या वाटा नुसत्या पुस्तकातल्या नाहीत. १९४८ नंतर बरेच बेने इस्राएल इस्राएल देशात गेले. तिथे ज्यूंची लग्नं सनातनी रब्बींच्या हातात. १९६०च्या सुमारास तिथल्या रब्बींनी शंका काढली: यांच्या आज्यापणज्यांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह नियमाप्रमाणे झाले होते का? त्यामुळे लग्नं अडू लागली. लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने सांगितलं, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत.

इतकं होऊनही घरातला मलिदा मात्र सुटला नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि सोबत फळं, असं ताट एलियाहू प्रेषिताच्या नावाने मांडतात. नवस फेडायला आणि लग्नकार्यात ते असतंच.

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं बोला: आपल्या घरात, आपल्या देवळात बायकांसाठी कोणते नियम आहेत? ते कोणी ठरवले? आणि बदलायचे झाले, तर ठरवताना आपली गणती होते का?