वीस मिनिटांसाठी तीन दिवस

चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाने सुमारे 40 किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा 3.7 किलोमीटर लांबीचा आणि 12 वळणांचा ट्रॅक इथे आहे. तो 1990 मध्ये सुरू झाला. त्याआधी या क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. देशात हौशी रेसरला नेमाने गाडी पळवता येईल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत ही एक, आणि दुसरी कोइमतूरजवळचा सुमारे 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून छोटी सिंगल सीटर गाडी तयार केली होती. रेसर नारायण कार्तिकेयनसारख्यांची सुरुवात त्याच ‘फॉर्म्युला मारुती’तून झाली.

हौशी रेसर म्हणजे आठवडाभर नोकरी-धंदा सांभाळून स्वतःच्या खिशातून रेसिंग करणारा माणूस. बहुतेकांकडे रेसची गाडी नसते. ती एखाद्या टीमकडून त्या वीकेंडपुरती घेतली जाते. नवख्यांसाठी एकाच बनावटीच्या गाड्यांचे वर्ग सोयीचे पडतात. फॉर्म्युला एलजीबी 4 मध्ये सगळ्यांना सारखीच चासी, सारखेच टायर आणि स्विफ्टचे 1300 सीसीचे इंजिन मिळते, आणि गाडीला पंख नसतात. त्यामुळे दोघांच्या वेळेत फरक पडला तर गाडीला दोष देण्याची सोय फारशी उरत नाही.

ट्रॅकवर उतरण्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचे, म्हणजे एफएमएससीआयचे लायसन्स लागते. नवख्याला त्यासाठी मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण घ्यावे लागते.

शुक्रवारची सुरुवात स्क्रूटिनीने होते. तपासनीस गाडीचा रोल केज, पट्टे, आग विझवण्याची यंत्रणा आणि बाहेरून वीज तोडण्याचे बटण पाहतात. मग रेसरची पाळी. हेल्मेटवरचा प्रमाणपत्राचा शिक्का, आगरोधक सूट, हातमोजे, बूट, डोक्यावरची बॅलाक्लाव्हा, आणि धडकेत मान झटक्याने पुढे जाऊ न देणारे हान्स, सगळे तपासले जाते. सूटच्या आत नायलॉनचे कपडे चालत नाहीत, कारण आगीत नायलॉन वितळून कातडीला चिकटते. चेन्नईच्या उकाड्यात हे सगळे चढवून कॉकपिटमध्ये बसणाऱ्याच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. म्हणून पाणी पिणे हाही तयारीचाच भाग असतो, आणि नवखे नेमके तेच विसरतात.

ड्रायव्हर्स ब्रीफिंगला हजेरी सक्तीची. ट्रॅकवरची भाषा झेंड्यांची असते आणि तिथे चूक खपत नाही. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी आणि ओव्हरटेकिंग बंद. दोन पिवळे एकदम हलले तर थांबायच्या तयारीत राहायचे. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा निसरड्या रस्त्याचा, निळा मागून येणाऱ्या वेगवान गाडीचा, लाल म्हणजे सत्र थांबले. काळ्यावर नारिंगी ठिपका आणि सोबत गाडीचा नंबर दिसला तर त्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, यावे. हे झेंडे धरून उन्हात दिवसभर उभे राहणारे मार्शल बहुतेक हौशी स्वयंसेवकच असतात. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर नसतील तर सत्र सुरूच होत नाही.

सरावात नवख्याला सगळ्यात उशिरा उमगते ती ब्रेकची गोष्ट. ताशी 150 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास 42 मीटर कापते. अर्धा सेकंद उशिरा ब्रेक दाबला की 21 मीटर गेले. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबायचे अंतर चौपट होते. शिवाय टायरची पकड मर्यादित असते, आणि ती ब्रेक मारणे, वळणे आणि वेग घेणे यांत वाटून द्यावी लागते. सगळी पकड ब्रेकला दिली की वळायला काही उरत नाही, आणि गाडी सरळ बाहेर जाते. म्हणून जोराचा ब्रेक सरळ रेषेत मारायचा आणि स्टीअरिंग फिरेल तसतसा पाय हलका करत जायचे.

वळण बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असे घेतात, कारण त्याने वळणाची त्रिज्या मोठी होते आणि त्याच पकडीत जास्त वेग टिकतो. मात्र लांब सरळ रस्त्याआधीच्या वळणावर आत शिरतानाच्या वेगापेक्षा बाहेर पडतानाचा वेग महत्त्वाचा. तिथे ताशी चार किलोमीटर जास्त मिळाले तर त्याचा फायदा पुढच्या सरळ रस्त्यावर बराच वेळ मिळत राहतो. अट्टहासाने आत घुसणारा तिथे एक क्षण कमावतो आणि पुढे दोन गमावतो. इथल्या वळणांना रेसर सी-1, सी-2 अशा आकड्यांनीच ओळखतात, आणि सरावानंतर मेकॅनिकशी होणारे बोलणेही त्याच आकड्यांत चालते.

गाडी पिटमध्ये शिरताच टायरचा दाब मोजला जातो. गरम टायरमध्ये हवा फुगते, म्हणून सुरुवातीचा दाब मुद्दाम कमी ठेवतात आणि गरम आकडा पाहून पुढचा ठरवतात. वळणात पुढची चाके घसरतात की मागची, हे रेसरला शब्दांत सांगता आले पाहिजे. ते ज्याला सांगता येत नाही, त्याच्या गाडीत चांगला मेकॅनिकही फार सुधारणा करू शकत नाही.

क्वालिफाइंगमधल्या वेळेवर ग्रिडमधली, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतली, जागा ठरते. इथे मोकळी लॅप मिळवणे हेही कौशल्यच. घोळक्यात अडकलेल्याची वेळ वायाच जाते. शर्यत साधारण पंधरा-वीस मिनिटांची, आणि एका वीकेंडला बहुधा एकाहून जास्त. लाल दिवे विझताच सुटायचे. आधी हलले तर दंड. हौशी शर्यतीत बऱ्याच धडका पहिल्या लॅपच्या पहिल्या वळणांत होतात, कारण टायर अजून थंड असतात आणि सगळे एकाच जागेसाठी धडपडत असतात. पुढे खेळ स्लिपस्ट्रीमचा. पुढच्या गाडीमागे हवेचा रोध कमी असतो, त्याचा फायदा घेऊन सरळ रस्त्याच्या टोकाला बाजूने निघायचे. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ट्रॅक ओला झाला तर यातले बरेच अंदाज नव्याने बांधावे लागतात.

चेकर्ड झेंड्यानंतर गाड्या पार्क फर्मे या राखीव जागेत बंद होतात आणि मेकॅनिकला हात लावू दिला जात नाही. गाडी आणि रेसरचे मिळून वजन किमान मर्यादेपेक्षा कमी नाही ना, हे पाहिले जाते. कमी भरले तर मिळवलेला क्रमांक रद्द. तात्पुरता निकाल लागल्यावर तक्रारीला 30 मिनिटे असतात. तीन दिवसांचा हिशेब केला तर प्रत्यक्ष गाडी पळवण्याचा वेळ जेमतेम दीड-दोन तास. बाकी सगळा तपासणीचा, वाट पाहण्याचा आणि बोलण्याचा. मोटारीचा नेहमीचा विमा संघटित शर्यतीतले नुकसान भरून देत नाही, त्यामुळे घरची गाडी ट्रॅकवर नेणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रातल्या तरुणांसाठी सुरुवातीची सोपी वाट कार्टिंगची आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि राष्ट्रीय शर्यतींत उतरणारे रेसर या शहराने दिले आहेत. सार्वजनिक रस्त्यावर मात्र परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे.